दोन दिवसांचा बेडूक

टॅटूकाकूंच्या मनगटावर घड्याळ कधीच नसायचं. पट्टा चामड्याचा असो की स्टीलचा, चार तासांत खाली लाल कडं उठायचं. कानातलं साधं घातलं की पाळ्या सुजायच्या. नवा साबण घरात आला तर आधी इतरांनी तो आठवडाभर वापरायचा आणि तोवर काकूंनी त्याच्याकडे लांबून बघायचं. असं नाजूक कातडं घेऊन जन्माला आलेल्या बाईने पंचेचाळिशीनंतर लोकांच्या हातावर रंगीत चित्रं चिकटवण्याचा धंदा काढावा, म्हणजे कमालच म्हणायची. कुणी तसं तोंडावर विचारलंच तर काकू म्हणायच्या, "मला सगळंच खाजतं. म्हणून तर दुसऱ्याच्या खाजेची काळजी मला जास्त."

आणि ते खरं होतं. या धंद्यात पडण्याआधी काकूंनी बावीस वर्षं एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काढली होती. बाहेरच्या टेबलाशी बसून नंबर द्यायचे, नावं लिहायची, रडणाऱ्या पोरांना समजवायचं आणि जाणाऱ्याला मलम कसं लावायचं ते दुसऱ्यांदा सांगायचं, कारण पहिल्यांदा सांगितलेलं कुणीच ऐकत नाही. बावीस वर्षांत त्यांनी इतके हात, पाठी आणि माना बघितल्या की रस्त्याने जाताना माणसाच्या चेहऱ्याआधी त्यांना त्याचं कोपर दिसायचं.

त्यातला एक हात मात्र त्या कधी विसरल्या नाहीत. कुठल्याशा जत्रेत एका तरुणाने दंडावर काळाकुळकुळीत विंचू काढून घेतला होता. काढणारा म्हणाला होता, तासाभरात चढेल, महिनाभर टिकेल. चढला आणि टिकलाही. दहाव्या दिवशी विंचू फुगला, नांगीवर फोड आले, आणि पोरगा हात अंगापासून लांब धरून दवाखान्यात आला. त्या लेपात केस काळे करायचं रसायन मिसळलेलं होतं. पुढे शाई उडून गेली, पण विंचू काही गेला नाही. नांगीसकट फिकट गुलाबी विंचू महिनोन् महिने कातडीवर तसाच. "आणि आता हा मुलगा आयुष्यात कधी केस काळे करायला गेला, तरी कातडीला हे आठवणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

डॉक्टरीणबाई थकल्या, दवाखाना बंद झाला, तेव्हा काकूंनी बागेच्या फाटकाशी एक घडीचं टेबल मांडलं. दोन स्टुलं, एक मोठी छत्री, पाण्याचं वाडगं, स्पंज आणि चित्रांच्या कागदांची फाइल. फुलपाखरं, डायनासोर, चंद्र, जहाजं. कागद ओला करून हातावर दाबायचा, तीस आकडे मोजायचे, कागद अलगद सरकवायचा, झालं चित्र. पण काकूंचे नियम दवाखान्यासारखेच कडक होते. तीन वर्षांखालच्या बाळाला नाही. खरचटलेल्या जागेवर नाही. डोळ्यांजवळ, ओठांजवळ तर नाहीच नाही. आणि ज्याच्या अंगावर पूर्वी कधी काही उठलंय त्याला आज फक्त ठिपका, परवा काही झालं नसेल तर चित्र. परवा या म्हटल्यावर निम्मं गिऱ्हाईक परत यायचं नाही. काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

या सगळ्याच्या वर एक फलक होता. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत, काकूंनी स्वतः रंगवलेला: 'प्रत्येक चित्र घरी दोन दिवस तपासलेले.'

घरी म्हणजे काकांच्या हातावर. काकूंचा स्वतःचा हात या कामाला कुचकामी, कारण तो कशालाच हो म्हणायचा नाही. काकांचं कातडं वेगळं. ते उन्हातान्हात गाडी हाकून पायताणासारखं झालेलं. काका नगरपालिकेच्या शववाहिनीवर ड्रायव्हर होते. उंचीला बेताचे, बोलण्याला त्याहून बेताचे. दिवसभर रडणाऱ्या माणसांत वावरायचं म्हणून असेल, घरी आल्यावरही शब्द जपूनच खर्च करायचे.

नव्या चित्रांचा गठ्ठा आला की रविवारी संध्याकाळी काका मुकाट्याने डावा हात पुढे करायचे. काकू कोपराखाली, आतल्या बाजूला चित्र चिकटवायच्या. सोमवारी सकाळी सहाला काका ड्युटीवर जायचे. मंगळवारी संध्याकाळी काकू वही उघडून चष्मा लावून विचारायच्या, "अहो, कसं आहे?"

"काही नाही झालं."

काकू लिहायच्या: काही नाही झालं. अशी नऊ वर्षांची वही होती. तारीख, चित्र, काही नाही झालं.

एकच गोष्ट काकूंना खटकायची. मंगळवारपर्यंत काकांच्या हातावर चित्राचा मागमूसही नसायचा. "घामाने गेलं," काका म्हणायचे. त्यामुळे काकू दर वेळी छापखानेवाल्याला फोन करून झापायच्या, की तुमची चित्रं एक दिवस टिकत नाहीत, कसला माल देता? तो बिचारा म्हातारा शपथा घ्यायचा की चित्र पाच दिवस हलत नाही. आणि गंमत अशी, की बागेतल्या पोरांच्या हातावर ती पाच दिवस हलायचीही नाहीत. हे काकू स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या आणि मनाशी म्हणायच्या, पोरांना घाम कमी येतो. धावणाऱ्या, घसरगुंडीवरून उलटं चढणाऱ्या पोरांना घाम कमी! माणसाला एखादी गोष्ट बघायचीच नसेल तर ती नाकासमोर ठेवूनही उपयोग नसतो.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शाळेची ऑर्डर आली. बागेपलीकडच्या प्राथमिक शाळेत शनिवारी खेळांचा दिवस होता. तीनशे चाळीस मुलं, प्रत्येकाच्या गालावर एक सोनेरी चांदणी. मुख्याध्यापिका बाई शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "काकू, गालाचा मामला आहे. तपासलेलं आहे असं मला लेखी द्या." काकूंना उलट आनंदच झाला. नऊ वर्षांत कुणी लेखी मागितलं नव्हतं.

अडचण एवढीच, की म्हातारा छापखानेवाला नेमका त्याच महिन्यात मशीन विकून मुलीकडे राहायला गेला होता. नवा छापखानेवाला तोंडाने गोड. "काकू, खायचे रंग आहेत. जिभेवर ठेवून बघा!"

"खाल्लेलं पोटात जातं आणि निघून जातं," काकू म्हणाल्या. "हे कातडीवर दोन-चार दिवस बसून राहणार. दोन्ही एक कसं? आत काय काय आहे ते लिहून द्या."

त्याने लिहून दिलं. रंगांची नावं दिली, वरच्या पातळ पापुद्र्याचं दिलं, आणि शेवटी नुसतंच लिहिलं, 'चिकट थर'. कशाचा ते नाही. काकूंनी त्याखाली लाल रेघ मारली, त्याला विचारलं, आणि तो 'सांगतो, सांगतो' म्हणाला. मग काकूंनी विचार केला, ह्यांच्या हातावर तर बघणारच आहोत. रविवारी चांदणी काकांच्या हातावर चढली. मंगळवारी काही नाही झालं. बुधवारी काकूंनी आपल्या गोल, दवाखान्यातल्या अक्षरात पत्र लिहून शाळेत दिलं.

गुरुवारी सकाळी काका चष्मा घरी विसरून गेले.

गाडी चालवायचा नव्हे, फॉर्म वाचायचा. पण मयताच्या कागदावर चुकीच्या जागी सही झाली तर आणखी घोळ, म्हणून काकू स्वतः चष्मा घेऊन गाड्यांच्या आवारात गेल्या. शववाहिनी धुऊन पुसून उभी होती, काका आत ऑफिसात चहाला गेले होते. चष्मा ठेवावा म्हणून काकूंनी पुढचा खण उघडला. आत तेलाची छोटी बाटली होती आणि घडी घातलेलं एक फडकं. फडक्यावर सोनेरी चमचम होती. गुलाबी होतं. निळं होतं.

बायको कितीही समजूतदार असली तरी नवऱ्याच्या गाडीत चमचमणारं फडकं सापडल्यावर पहिले तीन श्वास ती समजूतदार राहत नाही. काकूही राहिल्या नाहीत. चौथ्या श्वासाला त्यांच्या लक्षात आलं की या गाडीत बसणाऱ्या बायका काही नटूनथटून बसत नाहीत. पाचव्याला त्यांनी फडकं उन्हात धरलं. तो गुलाबी त्यांच्या फुलपाखराचा होता. निळा जहाजाचा. कोपऱ्यातला तो पोपटी हिरवा तर त्यांनी कुठेही ओळखला असता, तो अगदी पहिल्या वर्षीच्या बेडकाचा. आणि वरचा ताजा सोनेरी, रविवारचा.

तेवढ्यात काकांचा मदतनीस आला. काकांपेक्षा हातभर उंच, म्हणून सगळं खातं त्याला लांबू म्हणायचं. त्याने काकूंना बघितलं, फडक्याला बघितलं आणि हात वर करून म्हणाला, "वहिनी, मी काही बघितलेलं नाही." म्हणजे त्याने नऊ वर्षं सगळं बघितलेलं होतं.

मागोमाग काका आले.

"अहो, हे काय आहे?"

"फडकं."

"फडकं मलाही दिसतंय. त्याच्यावर काय आहे?"

काकांनी बाटलीकडे बघितलं, लांबूकडे बघितलं. लांबू टायरमध्ये हवा आहे का ते बघायला वाकला. मग काका गाडीच्या पायरीवर बसले आणि सलग एवढं बोलले, जेवढं एरवी महिन्यात बोलत नसत.

"तो पहिला बेडूक आठवतो? जीभ बाहेर काढलेला? दुसऱ्या दिवशी एका घरी गेलो होतो. तिसरा मजला, अरुंद जिना. आजोबा गेलेले. आम्ही उचललं, माझी बाही सरकली, आणि बेडूक बाहेर. जिन्यात त्यांची नात उभी होती, चार-पाच वर्षांची. रडत होती. बेडूक दिसला आणि ती खो-खो हसायला लागली. अख्खा जिना गप्प. तिच्या बापाने माझ्याकडे असं बघितलं ना... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगं, लोकांच्या घरातलं माणूस आपण उचलतो. त्या वेळी हातावर जीभ काढलेला बेडूक बरा दिसतो का?"

"मग?"

"मग काय. तेव्हापासून ड्युटीवर आलो की आधी तेलाने पुसतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू किती खुशीत होतीस. फलक रंगवत होतीस."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याआधी तोंडातून निघालं ते वेगळंच. "अहो, मग दंडावर लावलं असतं! बाहीच्या आत! नऊ वर्षं तुमचा दंड काय परगावी गेला होता?"

काकांनी आपल्या दंडाकडे बघितलं. तो तिथेच होता, नेहमीसारखा. "दंडाचं डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले.

टायरपाशी लांबू फुटला. त्याचं हसू बघून काकाही हसले आणि काकूही हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. कारण त्यांनी हिशेब केला. रविवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा. बारा तास, त्यातले आठ झोपेतले. दोन दिवसांनी जे उठतं ते बारा तासांत कसं कळणार? नऊ वर्षं त्यांनी काहीच तपासलं नव्हतं. म्हाताऱ्या छापखानेवाल्याचा माल चांगला होता म्हणून निभावलं, एवढंच. आणि दोन वर्षांपूर्वी एक आई मुलाचा हात दाखवायला आली होती, चित्राभोवती थोडं लाल होतं. तिला त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आमच्या ह्यांच्या हातावर दोन दिवस होतं, काही झालं नाही. डास चावला असेल." ते आठवून काकूंचे कान गरम झाले. आणि आता तीनशे चाळीस गाल, आणि खाली त्यांची सही.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"दहा," लांबू म्हणाला.

शनिवारी सकाळी नऊला खेळ सुरू. सत्तेचाळीस तास होते. काकूंच्या पिशवीत नमुन्याचा कागद आणि छोटी कात्री नेहमीच असायची. तिथल्या तिथे, ऑफिसबाहेरच्या बाकावर काकांचा दंड उघडा झाला. काकूंनी कागदाचे तीन तुकडे कापले. एक सोनेरी चांदणीचा. एक नुसत्या काळ्या कडेचा. आणि एक कोपऱ्यातला कोरा, ज्यावर रंगच नव्हता, फक्त पापुद्रा आणि चिकट थर. डॉक्टरीणबाई असंच करायच्या. एकदम सगळं लावलं तर खाज कुणाची ते कळत नाही. रुमाल भिजवून तिन्ही दाबले, पेनाने बाजूला खुणा केल्या, वेळ लिहिली.

"वहिनी, माझ्यावरही लावा," लांबूने बाही वर केली. "माझ्याकडे दंड लांबलचक आहे."

त्यालाही लावलं. मग काकूंनी तेलाची बाटली उचलून पिशवीत टाकली. "ही जप्त. आणि खाजलं तर खाजवायचं नाही. कळलं?"

शुक्रवार उजाडला. काकूंचं कशात लक्ष लागेना. फाइल तीन वेळा लावून झाली. मनातल्या मनात त्या कुणाला तरी म्हणत होत्या, काही होऊ नये, आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, असेल तर आजच होऊ दे बाई. नवऱ्याच्या अंगावर पुरळ यावं अशी वाट बघणारी बायको त्या गावात त्या दिवशी दुसरी नसेल.

दुपारी साडेतीनला जिन्यात पावलं वाजली, तीही धावती. दार उघडलं तर काका उभे, मागे लांबू. काकांचा चेहरा असा उजळलेला, जसा पोराचा निकाल ऐकून आलेल्या बापाचा असतो.

"अगं, खाजतंय!" काका म्हणाले.

पुढची हकीकत लांबूने सांगितली, कारण काकांना दम लागला होता. दुपारी एका मोठ्या घरी गेले होते. एका नातेवाइकाची गाडी उशिरा येणार होती, म्हणून दिवाणखान्यात तासभर हात बांधून उभं राहावं लागलं. आणि बरोबर तिथेच दंडाने उचल खाल्ली. "वहिनी, हा आधी ओठ आवळायला लागला. मग डोळे मिटले. मग डोळ्यांतून पाणी! घरातली एक म्हातारी मावशी माझ्या कानात म्हणते, परका माणूस असून किती जीव तुटतोय बिचाऱ्याचा. याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. हात फिरवता फिरवता तिचा हात दंडापाशी आला, तर हा असा शहारला! ती म्हणाली, रड बाबा, मोकळा हो."

"आणि तुम्ही खाजवलं नाहीत?" काकूंनी विचारलं.

"खाजवलं असतं तर तुला नीट कळलं नसतं," काका म्हणाले.

काकूंनी बाही वर सारली. चांदणीखाली लाल, उठलेलं. काळ्या कडेखाली लाल. आणि ज्यावर रंगाचा थेंबही नव्हता त्या कोऱ्या तुकड्याखालीसुद्धा तसंच लाल. म्हणजे सोनेरीचा काही गुन्हा नव्हता. लोक नेहमी रंगाला दोष देतात, आणि इथे लाल रेघेखालचा तो चिकट थर मुकाट बसून होता. लांबूच्या दंडावर मात्र काहीच उठलं नव्हतं. तो जरा हिरमुसला. "म्हणजे एकाच दंडावर विसंबून चालत नाही," काकू पुटपुटल्या आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

तिन्ही तुकडे त्यांनी कोमट पाण्याने आणि साबणाने हलक्या हाताने काढले, वर गार पाण्याची घडी ठेवली, आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून थकलेला पण तोच करडा आवाज आला. "खाजवू देऊ नकोस. वाढलं किंवा फोड आले तर दाखवायला आण. आणि आणखी दोन दिवस बघत राहा, काही उशिराही उठतं. बाकी माल मुलांना लावायचा नाही, हे तुला सांगायला नको."

फोन ठेवला आणि काकू काकांचा दंड हातात धरून रडल्या. त्यांना वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकाच वेळी आवरणं त्यांना जमलं नाही. काका दुसऱ्या हाताने त्यांच्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "अगं, खाजतंय मला."

चारच्या सुमाराला तिघंही शाळेत हजर. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं चाललं होतं, मुलं उद्याची तालीम करत होती. मुख्याध्यापिका बाई शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या.

"बाई, मी लेखी दिलेलं परत घ्यायला आले आहे," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी काही लपवलं नाही. बेडूक, तेल, फडकं, बारा तास, सगळं सांगितलं. बोलताना त्यांची मान खाली होती. 'नऊ वर्षं माझा फलक खोटं बोलत होता' हे वाक्यही त्यांनी गाळलं नाही.

बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "उद्या सकाळी नऊला मुलं रांगेत उभी राहतील, काकू. त्यांना मी काय सांगू?"

तेव्हा काकांनी पुढे होऊन बाही खांद्यापर्यंत वर केली. ज्या माणसाने नऊ वर्षं एका बेडकाची लाज बाळगली, तो भर मैदानात, खात्याच्या गणवेशात, उघडा दंड दाखवत उभा राहिला. मुलं धावत आली. काकांभोवती हां हां म्हणता रिंगण झालं.

"दुखतं का?" एकाने विचारलं.

"नाही. खाजतं."

"मग खाजवत का नाही?"

"बायकोने नको म्हटलंय."

मुलं हसली, शिक्षक हसले, आणि शिट्टी तोंडाशी नेऊन मुख्याध्यापिका बाईसुद्धा हसल्या. एक लहानशी मुलगी बराच वेळ दंडाचं निरीक्षण करत होती. तिने गळ्यातली पाण्याची बाटली काढून काकूंपुढे धरली. "माझ्या बाटलीला लावा चांदणी. तिला नाही खाजत."

काकूंनी बाईंकडे बघितलं. बाईंनी बाटलीकडे बघितलं. प्लॅस्टिकवर चांदणी कातडीपेक्षाही छान बसते, हे पाच मिनिटांत सिद्ध झालं. फक्त ती हाताळायची नाही, आणि बाटलीच्या तळाजवळ लावायची, तोंडापासून लांब, असा नियम काकूंनी तिथेच करून टाकला. लावायचं काम उद्या मोठ्यांनी करायचं, तेही हातमोजे घालून.

"आता हे लेखी द्या," बाई म्हणाल्या.

"काय लिहू?"

"जे झालं ते. तपासलं, खाज सुटली, गालावर नको. असं पत्र मला आजवर कुणी दिलेलं नाही. फाइलला लावते."

शनिवारी मैदानाच्या कडेला तीनशे चाळीस बाटल्या उन्हात झगमगत होत्या. काकू छत्रीखाली बसून प्रत्येक गाल बघत होत्या. सगळे कोरे, घामेजलेले, धुळीने माखलेले. त्यांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी उरलेली कामं उरकली. नव्या छापखानेवाल्याला गठ्ठे परत केले. तो म्हणाला, एका माणसाला खाजलं म्हणून काय झालं? काकू म्हणाल्या, "दोघांनाच लावलं होतं." मग काकू त्या डासवाल्या आईच्या घरी माफी मागायला गेल्या. तिला काही आठवेना. "अहो काकू, डासच असेल. आमच्याकडे डास कमी आहेत का?" काकूंनी तरीही माफी मागितली आणि चहा पिऊन परत आल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी म्हाताऱ्या छापखानेवाल्याला मुलीच्या घरी फोन लावला.

"तुमची चित्रं टिकतात हो," त्या म्हणाल्या. "पाच दिवस टिकतात."

मग म्हातारा म्हणाला, "हे ऐकायला मला मशीन विकावं लागलं." पण त्यानेच मग एका जुन्या ओळखीच्या छापखान्याचा पत्ता दिला, जो चिकट थरात काय आहे ते न विचारता लिहून देतो.

तिथून पहिला गठ्ठा आला तेव्हा काकांचा दंड पुरता बरा झाला होता. काकूंनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथपर्यंतचं सगळं बारा तासांचं,' आणि नवं पान उघडलं. फलकावरून 'घरी' पुसून 'चार दंडांवर' लिहिलं. काकांखेरीज उरलेले तीन दंड म्हणजे लांबूचा, लांबूच्या बायकोचा आणि स्वतःहून निरोप पाठवलेल्या मुख्याध्यापिका बाईंचा.

"यातलं कुठलं लावू?" रविवारी संध्याकाळी त्यांनी काकांपुढे कागद धरला. काकांनी सगळे कागद चाळले आणि एकावर बोट ठेवलं. तो पोपटी हिरवा होता आणि त्याची जीभ बाहेर होती.

मंगळवारी संध्याकाळी काकूंनी वही उघडली, चष्मा लावला. "अहो, कसं आहे?"

काकांनी बाही वर केली. बेडूक होता तिथेच होता, जिभेसकट, एक टवकासुद्धा न उडालेला. खाली कातडी स्वच्छ. काकूंनी वेळ लिहिली आणि आता नेहमीचे तीन शब्द येतील म्हणून पेन टेकवलं.

"सोमवारी सकाळी जरा ओढल्यासारखं वाटलं," काका म्हणाले. "मग विसरलो. दुपारी चौथ्या मजल्यावर होतो, खूप घाम आला, तरी काही नाही. आज एका घरी एक छोटा मुलगा फारच रडत होता. एकदा वाटलं, दाखवावा का याला? नाही दाखवला. पण बाहीवरून हात फिरवला मी. जवळ आहे ना, एवढंच बघितलं. लिहितेयस ना?"

"लिहितेय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं.